घाम येऊ द्यायचा नाही: हिवाळ्यातला केदारकंठा

हिवाळ्यात केदारकंठाला जायचं ठरलं की आपल्याकडे पहिली चर्चा थंडीची होते. रात्री पारा किती उतरतो, किती स्वेटर घ्यायचे, तंबूत झोप लागते का. मला कोणी विचारलं तर मी आधी घामाबद्दल बोलते. आपण सह्याद्रीत चालायला शिकलेली माणसं. मे महिन्यात तोरणा चढताना किंवा हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेवर शर्ट पिळून काढण्याइतका भिजतो, वर पठारावर वारा लागला की वाळतो, आणि तो वारा आपण मुद्दाम अंगावर घेतो. हीच सवय घेऊन बर्फात गेलं तर जिवावर बेतू शकतं. सांकरीच्या गाईडने मला हे पहिल्याच दिवशी सांगितलं आणि पुढे शिखराच्या चढावर त्याचा प्रत्यय डोळ्यांदेखत आला.

केदारकंठा उत्तराखंडात, उत्तरकाशी जिल्ह्यात, गोविंद पशुविहार या अभयारण्याच्या हद्दीत येतो. उंची ३,८१० मीटर, म्हणजे १२,५०० फूट. पायथ्याचं सांकरी गावच १,९०० मीटरच्या वर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वोच्च टोकापेक्षा उंचावर आपली चाल सुरू होते. हिमालयाच्या मानाने हा ट्रेक सोपा गणला जातो आणि भर हिवाळ्यातही वाट सुरू असते, म्हणून डिसेंबर-जानेवारीत इथे झुंबड उडते. त्या झुंबडीत मराठी बोलणं सतत कानावर पडतं.

सोबत माझा भाचा होता, पंचविशीतला, दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गडावर असणारा. तयारी म्हणून आम्ही आतकरवाडीतून सिंहगड करत होतो, पाठीवर भरलेली सॅक घेऊन. त्याचा चढायचा वेग माझ्या दीडपट. मी मात्र एक गोष्ट ठरवून केली: तोंड मिटून, नाकाने श्वास घेत जेवढ्या वेगाने चढता येईल तेवढ्याच वेगाने चढायचं. सुरुवातीला मागून आलेली ताकवाली मावशीसुद्धा पुढे निघून जायची. हळूहळू त्या वेगात एक लय सापडली. पुढे त्या लयीनेच मला शिखरापर्यंत नेलं.

कपड्यांच्या बाबतीत मी हट्टी होते. अंगालगत थर्मल, तेही कृत्रिम धाग्याचं किंवा मेरिनो लोकरीचं. त्यावर फ्लीस, म्हणजे मऊ लवदार कापडाचं उबदार जॅकेट. थांबल्यावर घालायला पिसांचं जॅकेट. सगळ्यांत बाहेर वारा आणि पाणी अडवणारं पातळ जॅकेट. सुती काहीही नाही, अगदी आतले कपडेसुद्धा नाहीत. सुती कापड पाणी शोषून धरून ठेवतं आणि पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं. शिवाय एक लिटर घाम वाळताना शरीरातली जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. उन्हाळ्यात ही निसर्गाची कृपा. उणे तापमानात मात्र हीच उष्णता आपल्याला हवी असते. पिसांचं जॅकेट ओलं झालं की त्यातली पिसं चिकटून बसतात, त्यांच्यात अडकलेली हवा निघून जाते आणि त्या महागड्या जॅकेटची ऊब संपते. म्हणून ते चालताना घालायचंच नाही, हा नियम. भाच्याला हे सगळं जरा जास्त वाटत होतं, पण मावशीशी वाद कोण घालणार, म्हणून त्याने गुपचूप थर्मलचे दोन जोड घेतले. एक अंगावर आणि एक प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सॅकच्या तळाशी. तो दुसरा जोड पुढे कामी आला.

देहरादून ते सांकरी साधारण २०० किलोमीटरचा रस्ता, त्याला अख्खा दिवस जातो. मसुरीनंतर यमुनेचा पूल, मग नौगाव, पुरोला, मोरी. पुरोल्याच्या खोऱ्यात भातशेती दिसली. इथला लाल भात प्रसिद्ध आहे आणि तो खायचाच असेल तर इथेच जेवणासाठी थांबावं. रोख पैसेही इथेच काढून ठेवावेत, पुढे एटीएमचा भरवसा नाही. नैटवाडला रुपिन आणि सुपिन या दोन नद्या मिळतात आणि तिथून पुढे त्यांची टोंस होते. वनखात्याचं तपासणी नाकं इथेच आहे. ओळखपत्राच्या प्रती हाताशी ठेवल्या तर काम लवकर होतं.

सांकरीत दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना सगळे जण टोप्या, मफलर, दोन-दोन जॅकेटं चढवून उभे होते. गाईडने एक नजर टाकली आणि सांगितलं, "सब जॅकेट उतारो. चलते टाइम थोड़ी ठंड लगनी चाहिए." मंडळी कुरकुरली. हात चोळत, खांदे आखडून चालायला लागलो. दहाव्या मिनिटाला थंडी गेली आणि पंधराव्या मिनिटाला त्याने परत थांबवून विचारलं, "पीठ गीली है किसी की?" ज्याची सॅकखालची पाठ दमट लागली त्याला त्याने फ्लीससुद्धा काढायला लावलं. त्या दिवसभरात हे किती वेळा झालं कोण जाणे. चढ लागण्याआधी एक थर काढायचा, थांबताक्षणी पिसांचं जॅकेट घालायचं, मग पाणी प्यायचं, मग फोटो काढायचे. हा क्रम त्याने आमच्या अंगवळणी पाडला. कंटाळा करून "पुढच्या थांब्यावर काढते" म्हणण्याची सोय त्याने ठेवली नाही. टोपी आणि हातमोजे तर सारखे आत-बाहेर होत होते. डोकं उघडं केलं की अंगाची गरमी किती पटकन उतरते हे मला तिथे कळलं.

वेगाचीही त्याची खूण साधी होती. चालता चालता शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त झाला. माझा भाचा आणि त्याच्या वयाची दोन मुलं पुढे पळत होती, त्यांना त्याने दुपारनंतर रांगेत माझ्या मागे चालायला लावलं. त्यांना ते फार जड गेलं. संध्याकाळी मात्र त्यांचे कपडे कोरडे होते.

वाट सुरुवातीला देवदार आणि कैलच्या जंगलातून जाते, नंतर खर्सू ओक लागतात, त्यांच्या फांद्यांवरून लोंबणारे दगडफुलाचे करडे झुपके दिसतात. खालच्या टप्प्यात बर्फ सावलीतच होता. अधूनमधून चहा-मॅगीच्या टपऱ्या आहेत, स्थानिक लोकांच्या. जुडा का तालाब हे तळं साधारण २,७०० मीटरवर आहे. आम्ही पोचलो तेव्हा ते गोठलेलं होतं आणि बरेच लोक त्यावर उभे राहून फोटो काढत होते. आमच्या गाईडने कोणाला काठापलीकडे जाऊ दिलं नाही. वरून सलग दिसणारा बर्फ सगळीकडे सारख्या जाडीचा नसतो, जिथून पाणी आत येतं तिथे तो पातळ राहतो, आणि त्या गारठ्यात कंबरेपर्यंत भिजलेल्या माणसाला सुकवायचं कसं, हा त्याचा प्रश्न होता. मला ते शंभर टक्के पटलं.

रात्रीबद्दल जरा तपशिलात लिहिते, कारण बायका मला खासगीत हेच विचारतात. तंबूत शिरल्यावर सगळ्यांत आधी अंगावरचे दिवसाचे कपडे बदलायचे, कोरडे वाटत असले तरी. ते दोन मिनिटं नको होतं, पण त्या बदलानंतरच झोप लागते. ओले मोजे स्लीपिंग बॅगमध्ये पोटाजवळ ठेवायचे, सकाळपर्यंत वाळतात. उकळतं पाणी धातूच्या बाटलीत भरून, ती जुन्या मोज्यात घालून पायाशी ठेवायची. सकाळी तेच प्यायचं पाणी. जी बाटली बाहेर राहणार ती उलटी ठेवायची, कारण पाणी वरून गोठतं आणि सरळ ठेवली तर बूचच अडकून बसतं. फोन, बॅटरीची टॉर्च, पॉवर बँक बॅगेत सोबत घेऊन झोपायचं, नाहीतर गारठ्यात चार्जिंग उतरतं. बूटसुद्धा पिशवीत घालून तंबूच्या आत. बाहेर राहिलेला ओलसर बूट सकाळी इतका कडक होतो की पाय आत जात नाही. तोंड मात्र स्लीपिंग बॅगमध्ये घ्यायचं नाही. श्वासातली वाफ आत कोंडली की बॅग दमट होते. आमच्या श्वासांची वाफ तंबूच्या आतल्या कापडावर गोठून राहिली होती आणि पहाटे कोणी कुशी बदलली, कापडाला धक्का लागला, की त्याचे बारीक कण तोंडावर पडायचे.

रात्री लघवीला जावं लागतं. उंचीवर आणि थंडीत ती जास्त लागते, त्यात पाणी भरपूर प्यायला सांगितलेलं असतं. कंटाळा करून दाबून धरलं तर झोप जाते ती जातेच. मी दोन्ही रात्री उठून गेले. शौचालयाचा तंबू, खणलेला खड्डा, माती टाकायला फावडं, एवढी व्यवस्था असते. पाणी वापरायची सोय नाही. पाळी येण्याची शक्यता असेल तर पॅड किंवा कप सोबत घ्यावा आणि वापरलेलं सगळं बंद पिशवीत खाली आणावं. त्या खड्ड्यात प्लॅस्टिक टाकायचं नाही. तिथे मैत्रिणींनो, लाजायचं काही नाही, गाईडला आधी सांगून ठेवलं की तो स्वतःहून वेळ काढून देतो.

बेस कॅम्पच्या वाटेवर सलग बर्फ सुरू झाला. बर्फाचे प्रकार असतात हे पुस्तकात वाचून कळत नाही, पायाला कळतं. सकाळी तो रात्रभर गोठून कडक झालेला असतो, त्यावर पाय टिकतो. दुपारी उन्हाने सैल झाला की गुडघ्यापर्यंत पाय आत जातो आणि तो उपसून काढण्यात दम निघतो. आणि जिथून शेकडो लोक चालून गेलेत तिथे बर्फ दाबला जाऊन, वितळून, परत गोठून गुळगुळीत होतो. हा शेवटचा प्रकार सर्वांत वाईट. त्यासाठी बुटांवर चढवायचे मायक्रोस्पाइक्स असतात: रबराचा पट्टा, त्याला साखळ्या आणि तळाशी लोखंडी दात. सांकरीत भाड्याने मिळतात आणि तिथले लोक त्यांनाच क्रॅम्पॉन म्हणतात. ते घातल्यावर पाऊल सपाट टाकायचं, म्हणजे सगळे दात एकदम रुततात. आपण कातळावर टाचेवर किंवा चवड्यावर भार देतो, ती सवय मोडावी लागली. बर्फ बुटात शिरू नये म्हणून घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत गेटर्स नावाची कापडी आवरणं. पट्टी बुटाखालून घ्यायची, बक्कल बाहेरच्या बाजूला ठेवायचं, आतल्या बाजूला राहिलं तर दुसऱ्या पायाच्या स्पाइक्समध्ये अडकून माणूस तोंडावर पडतो. गाईडने प्रत्येकाची बक्कलं गुडघ्यावर बसून तपासली.

बेस कॅम्प साडेतीन हजार मीटरच्या जरा खाली होता. संध्याकाळी सगळ्यांची ऑक्सिजनची पातळी बोटाला चिमटा लावून बघितली. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहूनही थोडा कमी असतो, त्यामुळे डोकं दुखणं, मळमळ, जेवण नको होणं याकडे बारीक लक्ष ठेवतात. एका काकांचं डोकं गोळी घेऊनही थांबलं नाही. त्यांनी स्वतःच सांगितलं की मी वर येत नाही. मला त्यांचं फार कौतुक वाटलं, कारण पैसे भरून, रजा काढून आलेल्या माणसाला हे सहज जमत नाही.

पहाटे तीनला निघालो. तंबूबाहेरचा थर्मामीटर उणे नऊ दाखवत होता, वर वारा. परत तेच: निघताना पिसांचं जॅकेट सॅकमध्ये. दात वाजत होते. टॉर्चची रांग पुढे डोंगरावर चढत गेलेली दिसत होती, आमच्या आधी बरेच ग्रुप निघाले होते. झाडं संपली आणि उघड्या सोंडेवर आल्यावर वारा थेट अंगावर यायला लागला. तिथे एका अरुंद, निसरड्या टप्प्यावर खोळंबा झाला होता. एकेकाला हात देऊन वर घेत होते आणि खाली लोक तिष्ठत उभे होते. आमच्या गाईडने आम्हाला त्या गर्दीच्या बरंच खाली, एका मोठ्या खडकाच्या आडोशाला थांबवलं. जॅकेटं घालायला लावली, खजूर आणि गुळाची चिक्की खायला लावली. "लाइन में खड़ा नहीं होना है. जगह होगी तब जाएँगे."

तिथेच तो मुलगा दिसला. दुसऱ्या ग्रुपमधला, वीस-बावीस वर्षांचा, रांगेतून बाजूला होऊन बर्फात बसलेला. बरोबरचे पुढे गेले होते. भाच्याने टॉर्च मारली तर अंगात भाड्याचं जाड जॅकेट, खाली जीन्स. हातमोजा काढायचा प्रयत्न करत होता आणि बोटांना ते जमत नव्हतं. गाईडने त्याच्या जॅकेटची चेन उघडून आत हात घातला. आतला सुती टी-शर्ट पिळण्यासारखा ओला होता. सुरुवातीपासून जॅकेट न काढता जोरात चढत आला, चिंब भिजला, आणि मग त्या खोळंब्यात वाऱ्यावर उभा राहिला. अंग गारठायला एवढं पुरे असतं.

गाईडने हिंदीत नाव विचारलं, तो काहीतरी पुटपुटला. भाच्याला त्याच्या सॅकवर मराठी अक्षरं दिसली. गाईड मला म्हणाला, "दीदी, आप अपनी भाषा में बात करो, जवाब लेते रहो." मी त्याच्या शेजारी बसले आणि जे सुचेल ते विचारत गेले. गाव कुठलं, घरी कोण कोण, गावचा बाजार कुठल्या वारी असतो. बोलताना त्याची जीभ जड झालेली कळत होती, शब्दांची टोकं गळत होती. बाजाराच्या प्रश्नावर तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि "मंगळवारी... नाही..." एवढंच बोलला.

तोवर त्या दोघांनी त्याला खडकाआड आणून सॅकवर बसवलं होतं, म्हणजे खालून बर्फाची थंडी लागू नये. माझ्या शालीचा आडोसा करून ओला टी-शर्ट उतरवला, भाच्याच्या सॅकच्या तळातला कोरडा थर्मल काढून चढवला, त्यावर माझं जादा फ्लीस, वर त्याचंच जॅकेट, डोक्याला कोरडी टोपी. हात चोळायचे नाहीत, नुसते काखेत धरायला लावले. नीट गिळता येतंय हे बघून थर्मासमधला गोड चहा घोटाघोटाने दिला. तो आता जोरात कुडकुडायला लागला होता. मला काळजी वाटली, पण गाईडचा चेहरा उलट सैल झाला. कुडकुडणं म्हणजे शरीर अजून स्वतः उष्णता तयार करतंय. अंग गार असताना कुडकुडणं थांबलं तर खरी भीती. थोड्या वेळाने मी परत बाजाराचं विचारलं. "बुधवारचा," तो म्हणाला, स्पष्ट, आणि मला विचारलं, "ताई, तुम्ही कुठल्या?" मला भरून आलं.

आमच्या सोबतच्या मदतनिसाने त्याला धरून खाली बेस कॅम्पला नेलं. त्याच्या ग्रुपच्या माणसाला वर निरोप पाठवला. कोणाला बोल लावावा असं मला तेव्हाही वाटलं नाही. मुलगा धडधाकट होता, रोज पळणारा असावा. त्याला फक्त हे कोणी सांगितलेलं नव्हतं.

पुढचा चढ छातीवरचा आहे. मी सिंहगडावरची लय धरली: पाऊल, श्वास, पाऊल, श्वास, मान खाली. मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही असं समजून. माथ्यावर पोचलो तेव्हा पूर्व उजळली होती, सात वाजून गेले होते. समोर स्वर्गारोहिणी, काळानाग, बंदरपूंछ ही शिखरं ओळीने. पांडव ज्या वाटेने गेले असं लहानपणापासून ऐकलं ती स्वर्गारोहिणी अशी समोर उभी राहील हे कधी वाटलं नव्हतं. माथ्यावर दगड रचून केलेलं छोटं महादेवाचं स्थान आहे, त्रिशूळ रोवलेला आहे. गावात सांगतात की केदारनाथ मुळात इथेच वसणार होते, पण माणसांचा वावर जाणवला आणि महादेव इथून निघून गेले. मी हात जोडले. भाच्याच्या डोळ्यांत पाणी होतं, त्याने ते लगेच पुसलं, कारण गालावर ओल राहू द्यायची नाही हे आता त्यालाही पाठ झालं होतं.

गाईडने दहा मिनिटांत आम्हाला उतरवायला घेतलं. बरेच जण तासभर थांबतात. पण आमचा कोरडा जोड खाली गेला होता, भाच्याच्या पाठीला थोडी ओल होती, आणि तिथे वाऱ्यात थांबण्याची मुभा ही कोरड्या कपड्यांवर ठरते. कोणी हट्ट केला नाही.

उतरताना ऊन आलं होतं. बर्फावरून परतलेला उजेड इतका तीव्र असतो की काळा चष्मा काढायचा नाही आणि हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या खालीसुद्धा क्रीम लावायचं, कारण ऊन खालूनही लागतं. मऊ बर्फात टाच जोरात रोवून, गुडघा थोडा वाकवून उतरायचं. घसरगुंडी करत जाणारे बरेच होते. स्पाइक्स पायात असताना घसरगुंडी केली आणि दात मध्येच रुतला तर घोटा मुरगळतो किंवा मोडतो, म्हणून आमच्याकडे त्याला बंदी होती. जंगलात शिरल्यावर सावलीतली वाट मात्र जीव मुठीत धरायला लावणारी होती, तुडवून तुडवून गुळगुळीत झालेली. चढापेक्षा मला हा उतार कठीण गेला. वाटेच्या कडेला, जिथे कोणी चाललेलं नाही तिथे पाय टाकत आम्ही उतरलो. बेस कॅम्पवर तो मुलगा भेटला, स्लीपिंग बॅगमध्ये बसून खिचडी खात होता.

सांकरीत होमस्टेच्या अम्मांनी बुखारी, म्हणजे खोली गरम करायची शेगडी, पेटवली होती. आम्ही बूट तिच्याजवळ मांडायला गेलो तर त्यांनी उचलून लांब ठेवले. आचेने तळव्याचा डिंक सुटतो. आत रद्दी कोंबून ठेवा, दर दोन तासांनी बदला, म्हणाल्या. रात्री राजमा आणि भात वाढताना त्या बर्फाबद्दल बोलत होत्या. आमच्या दृष्टीने बर्फ म्हणजे चालायची जागा, त्यांच्या दृष्टीने सफरचंद. झाडांना हिवाळ्यात पुरेशी थंडी मिळाली नाही तर वसंतात फूल नीट धरत नाही. अलीकडे बर्फ उशिरा पडतो, म्हणाल्या, रस्ता आठवडाभर बंद झाला तरी चालेल पण पडू दे.

आता कोणी ग्रुप ठरवताना मला विचारलं तर मी किंमत आणि मेनूच्या आधी तीन गोष्टी विचारायला सांगते. सगळ्यांत शेवटी कोण चालतं? शिखराच्या पहाटे एका गाईडमागे किती माणसं असतात? आणि मध्येच कोणी खाली यायचं म्हटलं तर त्याला घेऊन कोण उतरतं? उत्तर देताना समोरचा अडखळला तर दुसरा ग्रुप बघावा. या डिसेंबरात भाच्याचे दोन मित्र निघालेत. परवा ते भेटायला आले तेव्हा मी त्यांना सॅक घेऊनच बोलावलं होतं आणि दोन्ही सॅक हॉलमध्ये रिकाम्या केल्या. एकात जीन्स निघाली, दुसऱ्यात चार सुती टी-शर्ट. ते बाजूला काढले. भाच्याने त्यांना थर्मलचा जोड पिशवीत हवा काढून कसा गुंडाळायचा ते दाखवलं, आणि तो सॅकच्या तळाशी जातो हेही.